टर्बो गाडीचं इंधन वाढवताना: आधी काय मोजायचं, मग काय घ्यायचं

बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, वाढवणं सोपं आहे. रीमॅप टाकला (ईसीयूतले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले तक्ते बदलले) किंवा वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) सेटिंग बदलली की टर्बो जास्त हवा ढकलायला लागतो. त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल त्याच क्षणी मिळालं नाही तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), सिलिंडरमधली उष्णता चढते, नॉकिंग (मिश्रणाने अवेळी स्वतःच पेट घेणं) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. पूर्ण लोडवर एवढं व्हायला काही सेकंद पुरतात. लीन झालेली गाडी तुटण्याआधी बऱ्याचदा उलट छान खेचते, त्यामुळे चालवणाऱ्याला कसलीच शंका येत नाही.

म्हणून क्रम ठरलेला हवा. इंधनाची तयारी आधी, बूस्ट नंतर. आणि इंधनाच्या तयारीतही मोजमाप आधी, खरेदी नंतर. बहुतेक लोक उलट जातात: आधी मोठे इंजेक्टर मागवतात, मग ते चालवायला ईसीयू शोधतात आणि शेवटी कळतं की टाकीतल्या पंपाच्या जुनाट वायरिंगमुळेच पेट्रोल कमी पडत होतं.

हा लेख पेट्रोल टर्बो गाड्यांपुरता आहे. उदाहरणासाठी फियाट लिनिया टी-जेट घेतली आहे, कारण तिचं १३६८ सीसी इंजिन पोर्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे इंजेक्टर इनटेकच्या नळीत पेट्रोल सोडतो. कंपनीकडून यायची तेव्हा ती ११४ पीएस द्यायची. स्कोडा-फोक्सवॅगनच्या टीएसआय, मारुतीचं बूस्टरजेट, ह्युंदाईचं टर्बो जीडीआय ही मात्र डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं. त्यांची गोष्ट वेगळी आहे, ती शेवटाकडे येईल. आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे हे नक्की करूनच पुढे वाचा.

पहिली खरेदी मोजण्याच्या साधनांची

वाइडबँड लॅम्डा मीटर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा), फ्युएल प्रेशर गेज आणि ओबीडीवरून (गाडीच्या तपासणी सॉकेटवरून) लॉग, म्हणजे आकड्यांची नोंद, घेणारा स्कॅनर. या तिघांशिवाय पुढचा रुपया खर्च करू नका.

वाइडबँडचा सेन्सर सहसा बॉशचा एलएसयू ४.९ असतो. तो टर्बोच्या पुढे, एक्झॉस्टच्या नळीत साधारण ६० ते १०० सेंटिमीटर अंतरावर बसवा. टर्बोच्या आधी बसवला तर उष्णता आणि दाब दोन्हींनी लवकर मरतो. घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर दहा ते दोनच्या दरम्यान, वायरची बाजू वर ठेवून. खाली बसवला की सकाळी नळीत साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं. सेन्सर बसवून त्याला वीज न देता गाडी चालवली तरी तो काजळी धरून निकामी होतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर खोटं लीन दाखवतो. मिसफायरचंही तसंच: न जळलेला ऑक्सिजन पाहून मीटर लीन म्हणतो, तिथे पेट्रोल वाढवलं तर मिसफायर आणखी वाढतो.

आकडे एअर-फ्युएल रेशोत (हवा आणि पेट्रोलच्या वजनी प्रमाणात) न वाचता लॅम्डात (प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) वाचायची सवय लावा: १ च्या खाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, १ च्या वर लीन. शुद्ध पेट्रोलला १४.७:१ हे आदर्श प्रमाण, ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) ते साधारण १३.५:१ होतं. लॅम्डा मात्र दोन्हीकडे १.००च राहतो. मीटरच्या पडद्यावर १४.७ दिसलं म्हणून टाकीत त्याच प्रमाणात पेट्रोल जळतंय असं नाही. तो फक्त लॅम्डाला १४.७ ने गुणून दाखवतोय. पूर्ण बूस्टवर पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनाला ०.७८ ते ०.८२ हे सुरक्षित लक्ष्य आहे. शांत चालताना १.०० च्या आसपास.

किती पेट्रोल लागेल याचा हिशेब

इथे घाई करू नका, पुढची सगळी निवड या आकड्यांवर उभी आहे.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर दर बीएचपीला ताशी साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं. समजा टी-जेटला १७० बीएचपीपर्यंत न्यायचं आहे. १७० गुणिले २७० म्हणजे ताशी ४५.९ किलो. पेट्रोलची घनता ०.७४५ धरली तर ताशी ६१.६ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १०२७ सीसी. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी २५७. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा, म्हणून २५७ भागिले ०.८ म्हणजे ३२१ सीसी. आता पंपावर ई-२० मिळतं आणि त्याला तितक्याच हवेसाठी सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे ३४७ सीसी.

मग ३८० सीसीचे इंजेक्टर घेतले की झालं? इथेच फसगत होते. इंजेक्टरवर लिहिलेला आकडा सहसा ३ बार दाबाला मोजलेला असतो आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळानुसार बदलतो. खरा दाब म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब वजा इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब.

नव्या बहुतेक गाड्यांत जास्तीचं पेट्रोल रेलमधून टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन नसते. दाब ठरवणारा रेग्युलेटर टाकीतच असतो आणि रेलचा दाब एकाच आकड्यावर ठेवतो, समजा ३.५ बार. बूस्ट १.२ बार झाला की इंजेक्टरच्या टोकाशी उरतो फक्त २.३ बार. तेव्हा ३८० चा इंजेक्टर प्रत्यक्षात ३८० गुणिले २.३/३ चं वर्गमूळ, म्हणजे ३३३ सीसीच देतो. ३४७ हवेत, ३३३ मिळतायत. नेमक्या सर्वात जास्त गरजेच्या क्षणी. ४४० चा इंजेक्टर त्याच स्थितीत ३८५ देतो आणि थोडी सवडही राहते.

हीच गाडी रिटर्न लाइन आणि मॅनिफोल्डशी नळीने जोडलेल्या रेग्युलेटरची असती तर बूस्टच्या प्रत्येक बारमागे रेलचा दाबही एक बार चढला असता, फरक कायम ३ बार राहिला असता आणि ३८० पुरला असता. मात्र मग पंपाला ४.२ बारविरुद्ध पेट्रोल ढकलावं लागलं असतं. म्हणजे आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे न पाहता इंजेक्टर निवडताच येत नाही. रेलला गेज लावा, आयडलवर दाब वाचा, मग थोडा बूस्ट देऊन वाचा. आकडा चढला तर मॅनिफोल्डशी जोडलेली, जागचा हलला नाही तर स्थिर दाबाची.

पंप, आणि पंपापर्यंत जाणारी वायर

ताशी ६१.६ लिटरमध्ये ई-२० चे ८ टक्के मिळवले की ६६.५. त्यावर ३० टक्के राखीव ठेवा: साधारण ८६ लिटर, तेही गाडी ज्या दाबावर चालणार त्या दाबावर. पंपाच्या डब्यावर छापलेला २५५ किंवा ३४० हा आकडा कमी दाबाचा असतो. कंपनीचा दाब-प्रवाह आलेख उघडा आणि ४ बारच्या रेषेवर वाचा. वॉलब्रोचा २५५ किंवा एईएमचा ३४० हे पंप १७० बीएचपीसाठी भरपूरच आहेत. मोठा पंप घेतल्याने ताकद वाढत नाही. उलट जुना रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न लाइन जास्तीचं पेट्रोल परत पाठवू शकत नाहीत, आयडलचा दाब ३ वरून साडेतीनपर्यंत चढतो आणि गाडी थांबलेली असताना रिच होऊन घुसमटते. पंप बदलल्यावर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून आयडलवर दाब वाचा. आधी होता तोच यायला हवा.

पंपाला मिळणारा व्होल्टेज हा सर्वात दुर्लक्षित भाग. १३.५ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर प्रवाह दहा-पंधरा टक्के पडतो. पंप पूर्ण भारावर चालू असताना त्याच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर वायरिंग बदलायलाच हवं: बॅटरीतून फ्यूज घेऊन ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मधे ३० अँपिअरचा रिले, जुनी पंपाची वायर फक्त रिलेला चालू-बंद करण्यासाठी. म्हणजे अपघातात ईसीयू पंप बंद करतो ती सुरक्षा कायम राहते. अर्थिंगही तेवढ्याच जाडीचं. कित्येकदा एवढ्यानेच जुना पंप पुरेसा ठरतो आणि नवा घ्यावा लागत नाही.

टाकीच्या आत लावायची नळी वेगळी असते. फक्त आतून पेट्रोल सहन करणारी साधी इंधन नळी आतबाहेर पेट्रोलमध्ये बुडाली की फुगते, मऊ पडते आणि क्लॅम्पमधून निसटते. जे३०आर१० दर्जाची, बुडवून वापरण्याची नळीच घ्या. टाकीबाहेर जे३०आर९ किंवा पीटीएफई. क्लॅम्प गोल कडांचे, इंजेक्शनसाठीचे. दातेरी पट्टीचे साधे क्लॅम्प नळी कापतात. पंपानंतरचा फिल्टर १० मायक्रॉनचा, इथेनॉल चालणारा, शक्यतो स्टीलच्या जाळीचा.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. मोकळ्या हवेत काम करा, हाताशी अग्निशामक ठेवा, पिवळा तारेचा बल्ब लटकवून टाकीत डोकावू नका. तो फुटला तर गॅरेज पेटतं.

इंजेक्टर निवडताना पाहायच्या गोष्टी

सीसी जुळलं की काम संपत नाही. रेझिस्टन्स मोजा: १२ ते १६ ओहम असेल तर हाय इम्पीडन्स, कंपनीचा ईसीयू ते थेट चालवतो. २ ते ५ ओहमचे लो इम्पीडन्स थेट जोडले तर ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जळतं. लांबी, वरच्या-खालच्या ओ-रिंगचा व्यास आणि कनेक्टरचा प्रकार जुन्याशी जुळवा. ओ-रिंग प्रत्येक वेळी नव्या, साधं इंजिन ऑइल लावून बसवा. कोरड्या ओ-रिंगला चीर पडते आणि गरम इंजिनवर पेट्रोल झिरपतं.

नामांकित कंपन्यांच्या इंजेक्टरांचे नकली संच बाजारात भरपूर आहेत. चारही इंजेक्टर फ्लो बेंचवर तपासून घ्या. चारांत फरक दोन टक्क्यांच्या आत हवा. लॅम्डा मीटर चार सिलिंडरची सरासरी दाखवतो. त्यातला एक दहा टक्के कमी देत असेल तर सरासरी ठीक दिसते आणि तोच एक पिस्टन जातो.

इंजेक्टरबरोबर त्याचा डेड टाइमचा तक्ता मागा. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि व्होल्टेज कमी झाला की तो वाढतो. हा आकडा ०.२ मिलिसेकंदाने चुकला तर १४ मिलिसेकंदांच्या पूर्ण लोडवर दीड टक्का फरक पडतो, कुणाला कळतही नाही. आयडलवर मात्र प्रत्यक्ष पेट्रोल सुटण्याचा वेळच १.२ मिलिसेकंद असतो, तिथे तीच चूक सतरा टक्क्यांची होते. म्हणूनच हेडलाइट आणि एसी लावला की गाडी डुगडुगते, सकाळी चालू होताना कुरकुरते. अशा गाडीला ट्यूनर वरवर आयडलचा नकाशा (ईसीयूतला तक्ता) खेचत राहतात आणि दोष तसाच राहतो. तक्ता नसलेले इंजेक्टर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

हे सगळं चालवणार कोण

बूस्टबरोबर दाब कित्येक पटीने वाढवणारे रायझिंग रेट रेग्युलेटर आता विसरा. सहापट वाढवणारा रेग्युलेटर अर्ध्या बार बूस्टला ३ बारचा दाब ६ वर नेतो, त्या दाबाला पंपाचा प्रवाह कोसळतो, आणि इंजेक्टर उघडायलाही झगडतो.

बूस्ट सेन्सरची खोटी माहिती ईसीयूला देणारे ट्यूनिंग बॉक्स स्वस्त आणि बसवायला सोपे. पण ते इंधन सांभाळत नाहीत. ईसीयूला बूस्ट कमी आहे असं वाटतं, तो वाढवतो. खरी हवा किती आली हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही चुकीच्या खान्यातून वाचले जातात. मूळ हार्डवेअरवर थोडीशी वाढ हवी असेल तर काही जण यावर समाधानी असतात. इंजेक्टर बदललेल्या गाडीला ते लावू नका.

कंपनीच्या ईसीयूचा नीट रीमॅप ही बहुतेकांसाठी योग्य निवड. इमोबिलायझर, एबीएस, मीटर कन्सोल, एसी सगळं जागच्या जागी चालतं. ट्यूनरला तीन प्रश्न विचारा: नव्या इंजेक्टरचा प्रवाह आणि डेड टाइम तुम्ही थेट बदलू शकता का, की फक्त टक्केवारीने कमी-जास्त करता? मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बदलला तर त्याचं स्केलिंग (व्होल्टेज आणि दाबाचं नातं) करता का? आणि माझ्याच गाडीचा लॉग घेऊन नकाशा करणार, की तयार फाइल टाकणार? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा.

मॅप सेन्सरबद्दल थोडं. २.५ बारचा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचाच १ बार धरला तर बूस्टसाठी त्यात १.५ बारच जागा उरते. त्यापुढे सेन्सर एकाच आकड्यावर अडकतो, हवा वाढत राहते आणि पेट्रोल वाढत नाही. लॉगमध्ये बूस्टची रेषा वर जाऊन सपाट झालेली दिसली तर आधी हाच संशय घ्या आणि ३ किंवा ४ बारचा सेन्सर लावा.

हॅलटेक, लिंक, ईसीयूमास्टर, मेगास्क्विर्ट अशा स्टँडअलोन (कंपनीच्या ईसीयूच्या जागी लावायच्या स्वतंत्र) ईसीयूला पूर्ण मोकळीक असते, पण रोजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसातली जोडणी) आणि कन्सोल यांची जुळवणी करता करता महिने जातात. ट्रॅकच्या किंवा जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीला ते शोभतात.

डायरेक्ट इंजेक्शन असेल तर

इथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, शंभर बारच्या वर सोडलं जातं, फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआय इव्होत ३५० बारपर्यंत. टाकीतला कमी दाबाचा पंप कॅमशाफ्टवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या पंपाला पेट्रोल पुरवतो. पोर्ट इंजेक्शनला ६००० आरपीएमवर पूर्ण चक्राचे २० मिलिसेकंद मिळतात. डायरेक्टला फक्त इनटेक आणि कॉम्प्रेशनची सुरुवात, म्हणजे अंदाजे ७. म्हणून इथे ड्यूटी सायकलचा (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो त्याचा) हिशेब लागू नाही. पाहायची गोष्ट एकच: ईसीयूने मागितलेला रेल दाब आणि प्रत्यक्ष दाब. वरच्या आरपीएमला प्रत्यक्ष दाब दहा टक्क्यांहून जास्त मागे पडला किंवा पी००८७ (रेल दाब कमी असल्याचा) कोड आला तर पंप थकलाय. आधी कमी दाबाची बाजू तपासा: फिल्टर, टाकीतला पंप, त्याची वायर. ती ठीक असेल तरच मोठ्या प्लंजरचा जास्त दाबाचा पंप घ्या. त्याहूनही पुढे जायचं असेल तर इनटेकमध्ये जादा पोर्ट इंजेक्टर आणि त्यांचा वेगळा कंट्रोलर. मूळ टर्बोवरच्या साध्या रीमॅपला यातलं बहुधा काहीच लागत नाही. लॉग काढा आणि खर्च वाचवा.

वॉटर-मेथेनॉल इंजेक्शन हवा थंड करायला उत्तम आहे, पण त्याला इंधनाची कमतरता भरायला लावू नका. टाकी रिकामी झाली किंवा नोझल चोंदलं की इंजिन लीन.

तपासणी: लॉग वाचायचा कसा

नवं सामान बसवल्यावर आधी कमी बूस्टवर, शक्यतो डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत एक सलग ओढ. लॉगमध्ये लॅम्डा, रेल दाब, इंजेक्टरचा मिलिसेकंद, बूस्ट, नॉकमुळे मागे घेतलेलं इग्निशन आणि इनटेक तापमान. ड्यूटी सायकल काढायला मिलिसेकंद गुणिले आरपीएम भागिले १२००. ६००० आरपीएमला १६ मिलिसेकंद म्हणजे ८० टक्के.

वरच्या टोकाला लॅम्डा लीनकडे सरकला तर तीन शक्यता. दाब पडतोय आणि ड्यूटी ठीक आहे: पंप, फिल्टर किंवा व्होल्टेज. दाब टिकून आहे आणि ड्यूटी ९० च्या पुढे: इंजेक्टर लहान. दाबही ठीक, ड्यूटीही ठीक: नकाशा किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरचं स्केलिंग. या तीन ओळी पाठ झाल्या तर चुकीचा भाग विकत घेण्याची वेळ येत नाही. लॅम्डा ०.८५ च्या वर गेल्याक्षणी पाय काढा. एक ओढ पूर्ण करायची म्हणून पुढे नेऊ नका.

शांत चालवतानाचे ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतःहून करतो ती टक्केवारीतली दुरुस्ती) प्लस-मायनस ५ टक्क्यांत हवेत. लाँग टर्म प्लस १० च्या पुढे असेल तर पूर्ण लोडची चाचणी घेऊच नका. ट्रिम फक्त आयडलला प्लस आणि वेगात ठीक असेल तर व्हॅक्यूम गळती किंवा डेड टाइम. सगळीकडे सारखाच प्लस असेल तर इंजेक्टरचा आकडा किंवा दाब चुकलाय.

नकाशा रोज मिळणाऱ्या पेट्रोलवरच करून घ्या. पुण्या-मुंबईत १०० ऑक्टेन भरून केलेला नकाशा कोकणातल्या साध्या पंपावरच्या पेट्रोलवर नॉक करतो. महाग पेट्रोल वापरायचंच असेल तर साध्या पेट्रोलसाठी कमी बूस्टचा दुसरा नकाशा गाडीत ठेवून घ्या. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

कायद्याची बाजूही आधीच पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, वॉरंटी जाते आणि न कळवलेल्या बदलांवरून विमा कंपनी दावा अडवू शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा सगळे क्लॅम्प आणि रेलचे जोड कोरड्या कापडाने पुसून ओल पाहा, पंपानंतरचा फिल्टर उघडून टाकीतला गाळ आलाय का ते बघा, आणि पहिल्या दिवसाचा लॉग शेजारी ठेवून तीच ओढ तेवढ्याच तापमानाला पुन्हा घ्या. दोन्ही लॉगमधला रेल दाब एकमेकांवर बसला तरच बूस्टची पुढची पायरी.